लाडक्या प्राण्याला निरोप देण्याआधी: बडोद्यातल्या घरांसाठी पायरीपायरीने

घरातल्या कुत्र्याची किंवा मांजराची अखेर जवळ आली की नक्की कुणाला काय विचारायचं, हेच समजत नाही. लस कुठे टोचावी, खाणं कुठलं आणावं, हे सोसायटीत दहा जण सांगतात. शेवटाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. आमची राणी लॅब्रडॉर होती. म्हातारपणी आधी तिचे खुबे गेले, मग मूत्रपिंडं. त्या काळात आम्ही हे सगळं विचारत विचारत शिकलो. नंतर ओळखीतल्या बऱ्याच घरांना मी तेच फोनवर सांगत आले, म्हणून आता नीट लिहून काढते आहे.

शेवटच्या दिवशी जी धावपळ होते, तिच्यातली निम्म्याहून जास्त कामं आधीच उरकता येतात. डॉक्टर, जागा, कागद, गाडी हे सगळं प्राणी अजून शेपटी हलवतोय तेव्हाच ठरवा. आधी ठरवण्यात अभद्र काहीच नाही. ठरलेलं असलं की त्या दिवशी तुम्ही फोन फिरवत न बसता त्याच्याजवळ बसू शकता.

१. आधी दुखण्याचं नाव कळू द्या

"आता म्हातारा झाला" हे काही निदान नव्हे. उठताना कण्हणारं कुत्रं सांधेदुखीच्या औषधाने पुन्हा जिना चढू लागतं, आणि न खाणाऱ्या मांजराचा फक्त दात किडलेला असू शकतो. म्हणून निरोपाचा, म्हणजे डॉक्टरांच्या इंजेक्शनने दयामरण देण्याचा विचार करण्याआधी रक्ताची तपासणी (क्रिएटिनिन, युरिया, यकृताचे आकडे, हिमोग्लोबिन) आणि गरज असेल तर एक्स-रे, सोनोग्राफी करून घ्या.

दुसरं मत हवं असेल तर आपल्याला आणंद जवळ आहे. तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय जुनं आणि नावाजलेलं आहे, त्याला जोडून दवाखानाही आहे. बडोद्याहून साधारण चाळीस किलोमीटर. आजारी जनावर घेऊन निघण्याआधी फोन करून ओपीडीची वेळ विचारा, आणि जुने रिपोर्ट सोबत ठेवा, म्हणजे त्याच तपासण्या पुन्हा होणार नाहीत.

डॉक्टरांना सरळ विचारा: हे बरं होणारं आहे की फक्त लांबवता येणारं? वेदना औषधाने कितपत आटोक्यात राहील? पुढच्या टप्प्यात काय दिसेल? कुठलं लक्षण दिसलं तर मी रात्री दोन वाजता तुम्हाला उठवायचं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लिहूनच घ्या.

२. रोजची नोंद ठेवा

रोज बघणाऱ्याला हळूहळू होणारी घसरण दिसत नाही. यावर एक चांगलं साधन आहे. अ‍ॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी आखलेली गुणपट्टी. सात गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण द्यायचे: वेदना (श्वासाचा त्रासही यातच), भूक, अंगातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. सत्तरपैकी पस्तिसाच्या वर बेरीज राहिली, तर जगणं अजून निभावण्यासारखं आहे असं ती पट्टी सांगते. गुण घरातल्या दोघांनी वेगवेगळे द्यावेत, एकमेकांचे न बघता. आमच्याकडे माझे आणि ह्यांचे आकडे नेहमी वेगळे यायचे, आणि त्या फरकावरूनच खरं बोलणं सुरू व्हायचं.

एवढं जमत नसेल तर स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोज रात्री एक खूण करा: चांगल्या दिवसाला बरोबर, वाईट दिवसाला फुली. आणि प्राण्याच्या आवडीच्या तीन गोष्टी लिहून ठेवा. राणीच्या होत्या दूधवाल्याची वाट बघत फाटकाशी बसणं, पपईची फोड, आणि संध्याकाळी कामाठीबागेच्या बाहेरून एक फेरी. तीनपैकी दोन बंद पडल्या की डॉक्टरांशी निरोपाचं बोलायची वेळ आली, असं आम्ही आधीच ठरवून ठेवलं होतं.

३. तोवरचे दिवस सुखाचे करा

गुळगुळीत टाइल्सवर कमजोर मागचे पाय फाकतात, म्हणून त्याच्या वावराच्या वाटेवर योगा मॅट किंवा ज्यूटची पट्टी घाला. पडून असलेल्या जनावराची कूस दर तीन-चार तासांनी बदला, नाहीतर खुब्यावर आणि कोपरावर जखमा होतात. खाली जाड गादी, वर रबरी शीट, त्यावर जुनं सुती पातळ. पाणी सिरिंजने द्यायचं तर गालाच्या बाजूने थेंबाथेंबाने द्या, थेट घशात सोडलं तर फुप्फुसात जातं. खायची इच्छा नसेल तर तोंड उघडून कोंबू नका. मूत्रपिंडाच्या आजारात कातडीखाली सलाइन द्यायला डॉक्टर घरच्यांनाही शिकवतात, तेवढ्यानेही बऱ्याच मांजरांना पुन्हा तरतरी येते. मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशीच्या वर असतो. आजारी कुत्र्याला ते सोसत नाही, त्याला कूलरच्या खोलीतच ठेवा.

सगळ्यात मोठा धोका घरातल्या औषधांच्या डब्यात असतो. माणसांची वेदनाशामकं देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात. वेदनेसाठी प्राण्यांना चालणारी औषधं आहेत, डॉक्टर वजनावरून मात्रा ठरवतात. त्यांतलं ट्रॅमाडॉल भारतात २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, त्यामुळे चिठ्ठी नसेल तर केमिस्ट देणार नाही. ते संपायच्या चार दिवस आधीच चिठ्ठी घेऊन ठेवा.

४. घरात बोलून घ्या, आजीशी सुद्धा

आपल्या गावात हा विषय नाजूक आहे. शेजारी जैन असतात, वैष्णव असतात, आणि आपल्या घरातही "जीव घेणारे आपण कोण?" असं कुणीतरी म्हणतंच. त्या प्रश्नाचा मान ठेवा. माझं मत विचाराल तर, न थांबणाऱ्या वेदनेत जनावराला ठेवणं मला पटत नाही, आणि ते मी घरात स्पष्ट सांगितलं होतं. पण सासूबाईंना पटवलं ते डॉक्टरांनी. त्यांच्यासमोर बसून रिपोर्ट समजावून सांगितले. तुमच्याकडेही एक भेट अशी होऊ द्या की ज्यात घरातली मोठी माणसं हजर असतील.

घरीच नैसर्गिक मरण येऊ द्यायचं, हाही मार्ग आहे. मात्र वेदना औषधाने खरोखर आटोक्यात हवी आणि डॉक्टर संपर्कात हवेत. त्यात काय दिसतं ते ठाऊक असू द्या: खाणं-पाणी सुटतं, पंजे गार पडतात, श्वास अनियमित होतो, जनावर कोपरा शोधतं. पण तोंड उघडं टाकून धापा, पाच मिनिटांपेक्षा लांबलेला झटका, पोट अचानक फुगून ताठ होणं किंवा न थांबणारा रक्तस्राव यांतलं काही दिसलं तर वाट बघू नका, त्याच क्षणी दवाखाना गाठा.

मुलांना खरं सांगा. "गावाला गेला" म्हटलं की मूल महिनाभर फाटकाकडे बघत बसतं. आणि कामवाल्या मावशी, वॉचमन, रोज बिस्किट देणारे शेजारचे काका, यांनाही आधी कळवा. त्यांचाही जीव जडलेला असतो.

५. डॉक्टर आधी ठरवा आणि नीट विचारा

बोलीत दयामरणाला कुणी "मर्सी" म्हणतं, कुणी "इंजेक्शन देऊन झोपवणं". काही डॉक्टर आपल्या धर्मभावनेमुळे हे करत नाहीत. त्यांच्याशी वाद घालू नका. फक्त ते शेवटच्या रात्री कळायला नको, म्हणून आधीच विचारा, आणि नकार असेल तर दुसरं नाव त्यांच्याकडूनच घ्या.

जे करतात त्यांना विचारायच्या गोष्टी:

- घरी याल का? कुठल्या दिवशी, किती वाजेपर्यंत?
- आधी गुंगीचं इंजेक्शन देणार ना?
- नंतर कुठलं औषध? पेंटोबार्बिटल किंवा थायोपेंटोनसारखं भूल देणारं औषध मोठ्या मात्रेत शिरेतून दिलं की आधी शुद्ध जाते, मग श्वास आणि हृदय थांबतं. मॅग्नेशियम किंवा पोटॅशियमचे क्षार पूर्ण भूल चढल्याशिवाय कधीही देऊ नयेत, ते जनावराला फार वेदना देतात. हे विचारायला संकोचू नका.
- मृत्यूचा दाखला लिहून द्याल का?
- एकूण खर्च किती? पैसे आधीच देता येतील का? (नंतर पाकीट उघडणं जड जातं.)

"डॉक्टर कशाला, मी स्वस्तात करून देतो" म्हणणारा कुणी ओळखीतला भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० प्रमाणे हृदयात स्ट्रिकनिन टोचून किंवा इतर कुठल्याही नाहक क्रूर रीतीने प्राण्याला मारणं गुन्हा आहे.

१९६२ या नंबरवर येणारी करुणा अ‍ॅम्ब्युलन्स मुख्यतः रस्त्यावरच्या, मालक नसलेल्या प्राण्यांसाठी आहे. पाळीव जनावराच्या निरोपासाठी तिच्यावर विसंबू नका.

तारीख ठरवताना आपलं गाव लक्षात घ्या. उत्तरायणाचे दोन दिवस दवाखाने बंद आणि सगळं गाव गच्चीवर. नवरात्रात रात्री गरब्याच्या मैदानांभोवती गाडी अडकते. दिवाळीत तर फटाक्यांनीच आजारी कुत्रं अर्धमेलं होतं. दुखणं त्या सुमारास वाढणार असं डॉक्टरांना वाटत असेल, तर सणाच्या आधीच निर्णय घ्या.

६. देहाची जागा: हे सर्वांत आधी लागतं, आणि सर्वांत शेवटी आठवतं

*स्वतःची जमीन.* टेनामेंटच्या (बैठ्या घराच्या) मागे अंगण किंवा गावाबाहेर शेत असेल तर पुरणं सगळ्यात साधं. देहाच्या वर किमान तीन-साडेतीन फूट माती यायला हवी, म्हणजे मोठ्या कुत्र्यासाठी खड्डा पाच फुटांच्या आसपास. काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी होते, ती घरच्या कुदळीने हलत नाही. कडिया नाक्यावरून (जिथे रोजंदारीची माणसं उभी असतात) दोन मजूर आदल्या दिवशीच बोलवा आणि खड्डा फळीने झाकून ठेवा. विहीर, बोअर, पाण्याची भूमिगत टाकी यांच्यापासून लांब जागा निवडा. विश्वामित्री नदीच्या काठची किंवा कांसाची (पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्याची) सखल जमीन नको. ऑगस्ट २०२४ च्या पुरात किती वस्त्या पाण्याखाली गेल्या ते आपण पाहिलंय.

खोलीचा आग्रह मी उगाच धरत नाही. इंजेक्शनने गेलेल्या जनावराच्या देहात ते औषध राहतं. कुत्र्यांनी, कावळ्यांनी किंवा गिधाडांनी उकरून खाल्लं तर तेही मरतात. याच कारणाने देह नदीत सोडायचा विचारही नको. विश्वामित्रीत मगरी आहेत.

*सोसायटीचा कॉमन प्लॉट.* तोंडी "चालेल हो" वर विसंबून खणू नका. पुढे भांडण होतं आणि कधीकधी खड्डा पुन्हा उकरायला लावतात. कमिटीची लेखी परवानगी मिळाली तरच.

*दहन.* माणसांच्या स्मशानात प्राणी नेऊन तिथल्या माणसांशी हुज्जत घालू नका. प्राण्यांच्या दहनाची सोय सध्या कुठे चालू आहे ते डॉक्टर आणि महानगरपालिकेचं वॉर्ड ऑफिस या दोघांनाही विचारा. विचारायचं ते असं: एकट्याचं दहन की इतरांबरोबर, राख परत मिळते का, वेळ काय, कुठला कागद लागतो.

*पालिकेची गाडी.* जागा नसेल तर मेलेली जनावरं उचलणारी गाडी बोलवता येते, आणि त्यात कमीपणा काही नाही. देह पुढे कुठे नेतात ते विचारा आणि इंजेक्शनने गेलाय हे सांगा. रोज सकाळी येणाऱ्या कचऱ्याच्या गाडीत मात्र देह कधीही देऊ नका.

७. एका पिशवीत भरून ठेवायच्या वस्तू

कागद: लसीकरणाचं पुस्तक, शेवटचे रिपोर्ट, चालू औषधांची चिठ्ठी, नोंदणी असेल तर तिची प्रत, मायक्रोचिपचा नंबर, केनेल क्लबचे कागद, विम्याची पॉलिसी, तुमचं ओळखपत्र. संमतीपत्रावर सही ज्याच्या नावावर प्राणी आहे त्याची लागते, तो परगावी असेल तर आधीच डॉक्टरांना सांगा. विमा असेल तर इंजेक्शनच्या आधी कंपनीला कळवा. काही कंपन्या आधी मंजुरी, फोटो किंवा शवविच्छेदन मागतात, आणि पुरून झाल्यावर यातलं काहीच करता येत नाही.

सामान: दोन जुन्या सुती चादरी, रबरी शीट, हातमोजे, टॉवेल, ओले रुमाल, मोठ्या कुत्र्यासाठी प्लायवुडची फळी किंवा घट्ट सतरंजी. फ्लॅटमध्ये राहत असाल तर फळी लिफ्टमध्ये मावते का ते मोजून बघा, आणि उचलायला दोन धडधाकट माणसं सांगून ठेवा. तीस किलोचं निपचित शरीर एकट्याने जिना उतरवता येत नाही.

८. तो दिवस

सकाळची किंवा दुपारनंतरची निवांत वेळ घ्या. भरपेट जेवण नको. गुंगीसाठी झायलाझिन वापरलं तर कुत्र्या-मांजरांना उलटी होते. आवडीचे दोन घास मात्र द्या, डॉक्टरांना विचारून.

प्राणी नेहमी झोपतो त्याच जागी, त्याच्याच अंथरुणावर त्याला राहू द्या. गुंगीचं इंजेक्शन स्नायूत दिलं तर चढायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. निरोप घ्यायचा तो याच वेळात. त्याला तुमचा आवाज ऐकू येतो, हात कळतो. मग पुढच्या पायावरचे केस थोडे कापून कॅन्युला (शिरेत बसवायची बारीक नळी) लावतात. अंगात पाणी कमी असलेल्या किंवा म्हाताऱ्या मांजराची शीर पटकन सापडत नाही. डॉक्टरांना दुसऱ्या पायावर प्रयत्न करावा लागला तर घाबरू नका, त्यांना घाई करू नका. शेवटचं औषध गेल्यावर साधारण एक-दोन मिनिटांत सगळं थांबतं. डॉक्टर स्टेथोस्कोपने काही वेळ ऐकून मगच सांगतात.

त्यानंतर काय दिसेल ते आधी ठाऊक असलं तर धक्का बसत नाही. डोळे उघडेच राहतात. लघवी-शी होते. एखादा खोल उसासा येतो, पायाचा स्नायू थरथरतो. हे जिवंतपण नाही, शुद्ध केव्हाच गेलेली असते.

जवळ कुणी थांबायचं? ज्याला बघवेल त्याने. ज्याला बघवणार नाही त्याने गुंगी चढेपर्यंत बसावं आणि उठून जावं, त्यावरून कुणी कुणाला बोलू नये. पण एक तरी ओळखीचा माणूस शेवटपर्यंत त्याच्याजवळ हवा, हे मी अगदी कळकळीने सांगते. परक्या टेबलावर परक्या हातांत त्याला सोडून येऊ नका.

९. पुढचे काही तास

अंग ताठ व्हायला काही तासांतच सुरुवात होते, उन्हाळ्यात लवकर. त्याआधीच पाय पोटाशी घेऊन, तो झोपायचा तसा त्याला वळवून ठेवा, शेपटीखाली टॉवेल ठेवा. गळ्यातला पट्टा काढून घ्या. सुती चादरीत गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको, मातीत ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. थांबावं लागणार असेल तर एसीची खोली आणि कापडात बांधलेला बर्फ पोटाशी, पण मे-जूनमध्ये त्याच दिवशी उरका.

घरात दुसरा प्राणी असेल तर त्याला येऊन हुंगू द्या. नाही आला तर ओढून आणू नका.

काळजी घ्यायचे प्रसंग दोन. लेप्टोस्पायरोसिस, पार्व्हो किंवा डिस्टेंपर अशा संसर्गजन्य रोगाने गेला असेल तर हातमोजे घालूनच हाताळा, लघवीला उघडा हात लावू नका आणि जागा ब्लीचच्या पाण्याने धुवा. आणि रेबीजची थोडीही शंका असेल, म्हणजे अचानक स्वभाव बदलला, लाळ गळू लागली, गिळता येईना, तर देहाला हात न लावता डॉक्टरांना बोलवा. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागलेल्या प्रत्येकाने जखम पंधरा मिनिटं साबण-पाण्याने धुवून त्याच दिवशी सयाजी रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जावं.

१०. त्यानंतरचा आठवडा

राख मिळाली असेल तर चांदोदला नर्मदेत नेणारी घरं आहेत, झाडाखाली घालणारीही आहेत. झाडाला घालायची तर भरपूर मातीत मिसळून थोडी थोडी घाला, एकदम ओतली तर रोप जळतं. तेराव्याचं काही करावं का, असं मला विचारतात. ज्याने मन शांत होईल ते करा. आम्ही त्या दिवशी गल्लीतल्या कुत्र्यांना दूध-पोळी घातली.

नोंदणी, विमा, मायक्रोचिपची माहिती, लसीच्या आठवणीचे मेसेज, हे सगळं बंद करून घ्या. "राणीची लस बाकी आहे" असा मेसेज तीन महिन्यांनी आला की पुन्हा सगळं ढवळून निघतं. न उघडलेली खाण्याची पोती दुकानदार कधीकधी परत घेतो. उरलेली औषधं, विशेषतः ट्रॅमाडॉल आणि सिरिंजा, घरात ठेवू नका आणि दुसऱ्या कुणाच्या कुत्र्यालाही देऊ नका. डॉक्टरांकडे नेऊन द्या.

घरातलं दुसरं कुत्रं किंवा मांजर काही दिवस कमी खाईल, दाराशी बसेल. त्याच्या जेवणाच्या आणि फिरण्याच्या वेळा बदलू नका. मांजराने दोन दिवस तोंडच लावलं नाही तर मात्र दुःख समजून थांबू नका, उपाशी मांजराचं यकृत बिघडतं, लगेच दाखवा.

नवीन पिल्लू कधी आणावं हे तुमचं तुम्ही ठरवा. फक्त आधीचं पार्व्होने गेलं असेल तर तो विषाणू घरात आणि अंगणात कित्येक महिने टिकतो, आणि साध्या फिनाइलने मरत नाही. नव्या पिल्लाच्या लसी पूर्ण झाल्याशिवाय त्याला त्या घरात आणू नका, आणि जुनं अंथरूण, वाट्या, ब्रश तोवर काढून टाका.